नाम खुले, दार बंद

आषाढी जवळ आली की एक वाक्य दरवर्षी फिरायला लागते : 'नामाला जात नसते.' कीर्तनकार सांगतात, वर्तमानपत्रांच्या वारी पुरवण्यांत छापून येते, आणि समरसतावाले तर चोखोबांच्या चित्राखाली हेच वाक्य टाकून थेट आपल्या मोबाईलवर पाठवतात. आपली पोरे त्यावर दोनच तऱ्हेने वागतात. एकतर 'सगळे थोतांड आहे' म्हणून मोकळी होतात, नाहीतर घरातल्या माळकरी आजीकडे बघून गप्प बसतात. मला दोन्ही पुरेसे वाटत नाही. नामस्मरणाला इतिहास आहे. ते कोणी कोणाला दिले, कधी दिले, त्याच्यासोबत काय दिले आणि काय हातात घट्ट धरून ठेवले, हे तपासता येते. तपासले की 'नामाला जात नसते' हे वाक्य अर्धे खरे निघते, आणि अर्धे खरे वाक्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त काळ टिकते.

सुरुवात नामापासून नाही, बंदीपासून करावी लागेल. गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात शूद्राने वेद ऐकला तर कानात वितळलेले शिसे-लाख ओतावे, उच्चारला तर जीभ कापावी, पाठ केला तर शरीर तोडावे अशी शिक्षा सांगितली आहे. 'हे कुठल्या तरी कोपऱ्यातल्या ग्रंथात आहे, ते कोणी पाळत नव्हते' असा बचाव नेहमी होतो. मग आद्य शंकराचार्यांना ब्रह्मसूत्रावर भाष्य करताना शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही हे सिद्ध करण्यासाठी नेमका हाच आधार का घ्यावा लागला? कोपऱ्यातला ग्रंथ अद्वैताच्या आचार्यांना बरा सापडला!

आता जप. जप हा मुळात बहुजनांसाठी काढलेला सोपा मार्ग होता असे आपल्याला वाटते. तसे नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात यज्ञापेक्षा जप दहापट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला शंभरपट आणि मनातल्या मनात केलेला हजारपट श्रेष्ठ असा हिशेब दिला आहे. पुढे असेही म्हटले आहे की ब्राह्मणाने बाकी काही केले वा न केले तरी नुसत्या जपाने त्याला सिद्धी मिळते. हा जप ओंकाराचा आणि गायत्रीचा, म्हणजे मुंज झालेल्यांचा. यज्ञाला तूप लागते, पशू लागतो, यजमान लागतो. जपाला काही लागत नाही. थोडक्यात, जप ही आधी ब्राह्मणाची सोय होती. शूद्राचे काय? दहाव्या अध्यायात त्याचीही व्यवस्था आहे : सदाचारी शूद्राने द्विजांची कर्मे केली तरी चालतील, पण मंत्र वगळून. मंत्र वगळून हा शब्द नीट लक्षात ठेवा. नामस्मरणाची जागा नेमकी तिथे तयार झाली. मंत्र वगळल्यावर जी रिकामी जागा उरली, ती नामाने भरली.

नामाविषयी मनूचे आणखी दोन नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलाचे नाव ठेवताना ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे? किळस वाटावी असे. आणि शूद्राने द्विजाचे नाव व जात द्वेषाने उच्चारली तर त्याच्या तोंडात दहा अंगुळे लांबीचा तापलेला लोखंडी खिळा घालावा. ज्या धर्मशास्त्रात ब्राह्मणाच्या नावाला एवढे संरक्षण आहे, त्याच परंपरेत देवाचे नाव मात्र कोणीही, कसेही, झोपेत, शिंकताना, चुकूनही घ्यावे अशी मुभा मिळते. ही उदारता आली कुठून, याचा विचार व्हायला नको का?

त्याचे उत्तर विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात, दुसऱ्या अध्यायात अगदी उघड लिहिलेले आहे. तिथे व्यास गंगेत बुड्या मारताना वर येऊन म्हणतात की कलियुग चांगले, शूद्र चांगले, स्त्रिया चांगल्या. मुनी गोंधळतात. मग व्यास समजावून सांगतात : इतर युगांत ध्यानाने, यज्ञाने, पूजेने जे मिळत होते ते कलियुगात केशवाच्या नामसंकीर्तनाने मिळते. कीर्तनात हे एवढेच ऐकायला मिळते. पण अध्याय तिथे संपत नाही. शूद्र चांगले का, तर द्विजाला कष्टाने जे मिळवावे लागते ते शूद्राला द्विजांची सेवा केल्याने मिळते. स्त्रिया चांगल्या का, तर त्यांना ते नवऱ्याची सेवा केल्याने मिळते. म्हणजे नामाचा महिमा, शूद्राची चाकरी आणि बाईची चाकरी या तिन्ही गोष्टी एकाच तोंडातून, एकाच दमात बाहेर पडल्या आहेत. नाम ही चाकरीला दिलेली सुटका नव्हती. चाकरीसोबतची शिदोरी होती.

भागवताच्या सहाव्या स्कंधातली अजामिळाची गोष्ट तर तुम्ही आजीच्या मांडीवर ऐकली असेल. कनौजचा एक पापी मनुष्य मरताना 'नारायण' म्हणून आपल्या धाकट्या मुलाला हाक मारतो आणि विष्णुदूत येऊन त्याला यमदूतांच्या हातून सोडवतात. गोष्ट सांगताना दोन तपशील बहुधा गाळले जातात. अजामिळ ब्राह्मण होता. त्याचे पाप काय, तर तो एका शूद्र दासीच्या नादी लागला आणि तिच्यापासून त्याला दहा मुले झाली. तिचा संसर्ग हेच त्याचे पतन. मग नाम घेऊन उद्धार झाला तो त्याचा. आयुष्यभर त्याचे घर चालवणाऱ्या, त्याची दहा बाळंतपणे काढणाऱ्या त्या बाईचे पुढे काय झाले? भागवत काही सांगत नाही. ज्या गोष्टीत नावाची एवढी थोरवी आहे, त्या गोष्टीत त्या बाईला नावच नाही.

अध्यात्म रामायणातला वाल्मीकी पाहा. 'मरा मरा' म्हणत 'राम राम' झाले, ही कथा आपल्याकडे 'खालच्या जातीचा वाल्या कोळी नामाने महर्षी झाला' अशी सांगितली जाते. त्या ग्रंथात मात्र वाल्मीकी स्वतःच सांगतो की तो जन्माने ब्राह्मण, किरातांत वाढला आणि शूद्र बाईशी संसार करून बिघडला. पुन्हा तोच साचा : उद्धार ब्राह्मणाचा, डाग शूद्र बाईचा.

मग चोखोबांकडे येऊ. कारण खरा वाद तिथे आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकातले चोखामेळा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. एका महार कुटुंबातल्या पाच माणसांचे अभंग आज आपल्याला वाचता येतात. त्या काळात जगातल्या किती ठिकाणी गावकुसाबाहेरच्या अख्ख्या कुटुंबाचा आवाज असा शिल्लक आहे? वारकरी चळवळीने, नामाच्या त्या फडाने, हा आवाज उमटायला जागा दिली, हे मान्य केलेच पाहिजे. मंत्राला मुंज लागत होती, संस्कृत लागत होते, गुरू लागत होता. नामाला तोंड पुरत होते. सोयराबाई विटाळाचा प्रश्न विचारते, देह विटाळाचाच असेल तर सोवळा कोण असे विचारते, आणि स्वतःची ओळख 'चोख्याची महारी' अशी लिहिते. कर्ममेळा तर देवाला सरळ जाब विचारतो की असा हीन जन्म देऊन तू काय साधलेस. बापापेक्षा पोरगा जास्त कडक आहे. आपल्या चळवळीतही पिढ्यांचा फरक असाच दिसतो, पण तो विषय वेगळा.

पण नामाने काय दिले नाही तेही त्याच अभंगांत आहे. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात नामाचा सोहळा करणारा चोखा म्हणतो की मागच्या जन्मी आपल्या हातून कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा महाराचा जन्म मिळाला. तो अभंग त्यांचाच की नंतर कोणी त्यांच्या नावावर घातला, हा संशोधकांचा प्रश्न. परंपरेने तो जपला, हे महत्त्वाचे. विठ्ठलाचे नाव ओठांवर आणि कर्मविपाकाचा सिद्धांत पोटात, अशी ही रचना आहे. नामाने कर्मसिद्धांत तोडला नाही. उलट नाम घेणाऱ्याच्या तोंडूनच तो वदवून घेतला. गुलामाला बेडी घालणे सोपे असते. बेडी आपल्याच गुन्ह्याची आहे असे त्याच्याकडून म्हणवून घेणे हे मोठे काम, आणि ते काम इथे झालेले दिसते.

आणि मृत्यू. शके 1260, म्हणजे इसवी सन 1338. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू होते. परंपरा सांगते की त्या कामावर महारांना वेठीला धरून नेले होते. भिंत कोसळली आणि मजूर खाली गाडले गेले. काही दिवसांनी नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडांचा नुसता ढीग. त्यातली चोखोबांची कोणती हे कसे ओळखायचे? तर ज्या हाडांतून 'विठ्ठल, विठ्ठल' असा आवाज आला ती चोखोबांची. ती हाडे पंढरपूरला आणली आणि देवळाच्या महाद्वारासमोर पुरली.

ही कथा सातशे वर्षे नामाचा महिमा म्हणून सांगितली जाते. मी समाजशास्त्राची विद्यार्थी, मला ती आधी बांधकामावरच्या अपघाताची कथा म्हणून दिसते. भिंत कोणाची होती, वेठीला कोणी धरले, किती माणसे मेली, यातला एकही प्रश्न कथेत नाही. हाडे ओळखावी लागली याचाच अर्थ तिथे आणखी माणसे होती. त्यांच्या हाडांतून आवाज आला नाही, म्हणून त्यांना कोणी उचलले नाही. ते कोणाचे बाप होते, कोणाची भावंडे होती? अजामिळाच्या दासीसारखेच तेही बिननावाचे राहिले. आणि ज्याच्या हाडांत नाम मुरले होते, त्यालाही जागा मिळाली ती दारासमोर. आत नाही. नाम हाडापर्यंत गेले तरी माणूस उंबरठ्यापर्यंत गेला नाही. याच्यापेक्षा स्पष्ट पुरावा आणखी कुठला हवा?

ते दार उघडायला 1947 साल उजाडले. साने गुरुजी 1 मे 1947 पासून पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा त्याच वर्षी कायद्याच्या आणि लोकमताच्या रेट्याने मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. चोखोबांच्या मृत्यूपासून मोजा : 609 वर्षे. या 609 वर्षांत किती वाऱ्या झाल्या, किती हरिपाठ झाले, किती कोटी वेळा नाम घेतले गेले! दार नामाने उघडले नाही. उपोषणाने, चळवळीने आणि कायद्याने उघडले. साने गुरुजींबद्दल मला आदर आहे. पण नाम घेणाऱ्या लाखो वारकऱ्यांना आपल्याच चोखोबांसाठी दार उघडायला एका माणसाचा जीव टांगणीला लागेपर्यंत थांबावे लागले, ही गोष्ट 'नामाला जात नसते' म्हणणाऱ्यांनी समजावून सांगावी.

देऊळ सोडा, रस्त्यावरचे बघा. खेड्यात दोन शेतकरी भेटले की 'रामराम' म्हणत. देवाचे नाव म्हणजेच नमस्कार. महाराने मात्र वरच्या जातीच्या माणसाला 'जोहार मायबाप' म्हणायचे. बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना द्यायचे ते नाम आणि खालच्याने वरच्याला करायचा तो जोहार. म्हणजे जे नाम म्हणे कोणीही कुठेही घ्यावे, ते चावडीसमोर उभे राहून पाटलाला घालायची मुभा महाराला नव्हती. तिथे नामाला जात होती! आपल्या आधीच्या पिढ्यांनी जोहार टाकून दिला. पुढे कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी 'जयभीम' रुजवला. हरदास 1904 साली जन्मले आणि 1939 मध्ये, अवघ्या पस्तिशीच्या आतबाहेर, गेले. त्यांनी दिलेला शब्द आज करोडो लोकांच्या तोंडी आहे. जयभीम हा देवाच्या नावाचा पर्याय म्हणून आला असे समजू नका. तो जोहाराचा पर्याय म्हणून आला. मान खाली घालून बोलायच्या शब्दाच्या जागी मान वर करून बोलायचा शब्द.

छत्तीसगडचे रामनामी तुमच्यापैकी अनेकांनी फोटोत पाहिले असतील. 1890च्या दशकात चारपारा गावच्या परशुराम नावाच्या चर्मकार समाजातल्या माणसापासून हा पंथ सुरू झाला. देवळात येऊ देत नाहीत, तर यांनी देवाचे नाव स्वतःच्या कातडीवर गोंदवून घेतले. कोणी कपाळावर, कोणी छातीवर, कोणी संपूर्ण अंगावर. अंगावरची चादर रामनामाची, डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, पायाला घुंगरू. मूर्ती नाही, पुजारी नाही. माझ्या मते हे नामस्मरणाच्या इतिहासातले सर्वात धाडसी पान आहे, चोखोबांपेक्षाही एक पाऊल पुढे. ते दाराशी थांबले नाहीत, त्यांनी दाराकडे पाठच फिरवली. त्याच भूमीत त्यांच्या आधी गुरू घासीदासांनी सतनामाचा मार्ग दाखवला होता. तरीही प्रश्न उरतोच : ज्यांनी अंग सुईने टोचून घेतले, त्यांना गावाने बरोबरीचे मानले का? आज त्यांची नवी पोरे गोंदवून घेत नाहीत, कारण शहरात काम मागायला गेल्यावर ते गोंदण जातीचा दाखला होते. देवाचे नाव कपाळावर आणि वाचणाऱ्याला दिसते ती जात.

कबीराने हे सहाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. बीजकात त्याने पंडिताला विचारले आहे की राम म्हटल्याने जग तरत असेल तर साखर म्हटल्याने तोंड गोड का होत नाही, आणि भोजन म्हटल्याने भूक का जात नाही? बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी कबीरपंथी होते, आणि बाबासाहेबांनी बुद्ध आणि फुले यांच्यासोबत कबीराला गुरू मानले. कबीर स्वतः राम म्हणत होता, हे खरे. पण नुसत्या उच्चाराने काम होते या समजुतीवर त्याने जेवढे हाणले तेवढे क्वचितच कोणी हाणले असेल.

आणि कबीराच्याही दोन हजार वर्षे आधी तथागतांनी. दीघनिकायातले तेविज्ज सुत्त आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचायला हवे, पण वाचले जात नाही. कोसल देशातल्या मनसाकट गावाजवळ, अचिरवती नदीच्या काठी, वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण बुद्धांकडे वाद घेऊन येतात : ब्रह्म्याकडे जाण्याचा खरा मार्ग कोणता? बुद्ध नदीकडे बोट दाखवतात. नदी दुथडी भरली आहे. एका माणसाला पलीकडे जायचे आहे, आणि तो या काठावर उभा राहून पलीकडच्या काठाला हाका मारतो आहे की ये, इकडे ये. त्याच्या हाकेने, विनवणीने, स्तुतीने तो काठ इकडे येईल का? वासेट्ठ म्हणतो, नाही. तसेच हे त्रैविद्य ब्राह्मण, बुद्ध सांगतात. करायचे ते सोडून देतात, करू नये ते करतात, आणि इंद्राला, सोमाला, वरुणाला, ईशानाला, प्रजापतीला, ब्रह्म्याला नावे घेऊन बोलावतात.

नावे घेऊन बोलावतात. अडीच हजार वर्षांपूर्वी हा प्रश्न इतका नेमका मांडलेला होता.

आता चोखोबांची आणखी एक परंपरा आठवा. बडव्यांनी पंढरीतून हाकलल्यावर ते चंद्रभागेच्या पलीकडच्या काठावर राहिले आणि तिथे त्यांनी दीपमाळ उभारली असे सांगतात. एक माणूस एका काठावर, देव दुसऱ्या काठावर, मधे नदी, आणि रात्रंदिवस हाका. काठ आला नाही. तो येणारच नव्हता. यात हसण्यासारखे काही नाही. नाव बांधायला लागणारे लाकूड, हत्यार, अधिकार, काहीच ज्याच्या हाती ठेवले नव्हते, तो हाका मारण्याशिवाय काय करणार? दोष हाका मारणाऱ्याचा नाही. 'हाका मार, तेच तुझे नाव आहे, तीच तुझी नौका आहे' असे सांगून नौका स्वतःच्या काठाला बांधून ठेवणाऱ्यांचा आहे.

इथे कोणी म्हणेल, आणि म्हणतातही, की तुम्ही बौद्धसुद्धा 'बुद्धं सरणं गच्छामि' तीन-तीनदा म्हणताच ना? प्रश्न रास्त आहे, त्याला टाळू नये. त्रिशरण हे बोलावणे नाही, जाणे आहे. क्रियापद बघा : मी जातो. पंचशीलातही प्रत्येक ओळीत मी अमुक करण्यापासून दूर राहण्याचा नियम स्वीकारतो असे आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांतही 'मी' आहे आणि क्रिया आहे. कोणी वरून येऊन उचलून नेईल असे एकाही वाक्यात नाही.

पण बौद्ध असल्याने आपण या रोगातून आपोआप सुटलो असे समजण्याचे कारण नाही, आणि त्याला जपानचा इतिहास साक्ष आहे. बाराव्या-तेराव्या शतकात होनेन आणि त्याचा शिष्य शिनरान यांनी तिथे अमिताभ बुद्धाच्या नामस्मरणाचा पंथ उभा केला. शास्त्र नको, मोठे दान नको, नाम पुरे, कोणीही घ्यावे. चोखोबांच्या थोडे आधीची ही गोष्ट. चामड्याचे, मेलेल्या जनावरांचे काम करणारे, जपानमधले बहिष्कृत बुराकू लोक मोठ्या संख्येने या पंथात आले. त्यांना मिळाले काय? वेगळी देवळे. आणि मेल्यानंतर बौद्ध रिवाजाने जे नवे नाव दिले जाते त्यातही त्यांची जात दाखवणारी, त्यांना पशू म्हणणारी अक्षरे घुसडलेली. शूद्राचे नाव किळसवाणे ठेवा म्हणणारा मनू जपानमध्ये गेला नव्हता. तरी तेच घडले. म्हणून 3 मार्च 1922 रोजी क्योटोमध्ये बुराकू तरुणांनी सुइहेइशा ही संघटना स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा याच पंथातल्या एका देवळात जन्मलेला मुलगा होता. सुरुवातीलाच त्यांनी आपल्या पंथाच्या होंगानजी मठांकडे बोट दाखवले आणि वर्गणी द्यायला नकार दिला. महाडच्या पाच वर्षे आधी! नाम बुद्धाचे असो की विठ्ठलाचे, समतेच्या बदल्यात नाम हा सौदा सगळीकडे सारखाच बुडीत निघतो.

कारण साधे आहे. जमीन वाटली तर कमी होते, पाणवठा खुला केला तर सोवळे मोडते, देवळाचे दार उघडले तर उत्पन्नाचा आणि मानाचा वाटा द्यावा लागतो. नाम ही एकच वस्तू अशी आहे की ती कितीही वाटली तरी वाटणाऱ्याचे काही जात नाही. गांधीजींनी 1930च्या दशकात अस्पृश्यांना 'हरिजन' हे नाव दिले तेही याच प्रकारातले. हरीचे नाव तुमच्या अंगावर चिकटवतो, बाकी सगळे तसेच राहू द्या. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात कायद्याच्या मसुद्यात हा शब्द घालण्यावरून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध करून सभात्याग केला, त्यामागे निव्वळ शब्दाचा हट्ट नव्हता. आपले नाव आपण ठेवायचे, हा हक्क होता.

आज नाम दोन रूपांत आपल्या वस्त्यांत येते आहे. एक मवाळ : लाखवेळा रामनाम लिहायच्या छापील वह्या, बोटात घालायचे जप मोजणारे यंत्र, मोबाईलवरचे जपाचे ॲप. धुणीभांडी करून आलेली बाई रात्री दहाला वही भरत बसते, कारण कोणीतरी सांगितले आहे की मुलाला नोकरी लागेल. त्या बाईशी वाद घालायला जाऊ नका. तिच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या, जातपडताळणीचे कागद कुठे अडले ते बघा. वही आपोआप मागे पडते, हा वस्तीत काम करताना आलेला अनुभव आहे. दुसरे रूप आक्रमक : रामरामाचा नमस्कार जाऊन आलेली घोषणा. 2019 मध्ये झारखंडात जमावाने एका मुस्लिम तरुणाला खांबाला बांधून मारले आणि मारताना त्याच्याकडून देवाच्या नावाचा जयजयकार करवून घेतला. काही दिवसांत तो मेला. एके काळी नाव उच्चारले म्हणून जीभ कापायची भाषा होती, आता उच्चारावे म्हणून मारतात. जीभ कोणाच्या ताब्यात राहणार, हा मुद्दा दोन्हीकडे एकच.

आणि आपल्यालाही एक आरसा लागतो. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की धर्मात भक्ती कदाचित मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. आपल्या सभांत बाबासाहेबांचे नाव किती वेळा घेतले जाते आणि त्यांची किती पुस्तके उघडली जातात, याचा हिशेब कोणी मांडला तर? डीजेवर भीमगीते वाजवून चौदा एप्रिल साजरी करणाऱ्या काही मंडळांत वर्षभर अभ्यासिकेचे कुलूप उघडत नाही. नाव बदलले, माळ तीच राहिली असे होऊ नये, एवढी काळजी आपल्या चळवळीने घ्यायलाच हवी.

मग चोखोबांचे काय करायचे? समरसतावाल्यांना देऊन टाकायचे? अजिबात नाही. बाबासाहेबांनीच ते दिले नाहीत. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी त्यांनी तुकाराम आणि ज्ञानेश्वरांच्या ओळी छापल्या होत्या. नागपूरकडे किसन फागू बनसोडे यांनी चोखोबांवर लिहिले, चोखोबांच्या नावाने शाळा-वसतिगृहे निघाली. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला, पुढे अनेक वर्षे चालला, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी त्या दाराकडे पाठ फिरवली. 1936 च्या मुंबईतल्या महार परिषदेत त्यांनी मुक्ती कोन पथे हा प्रश्न समाजापुढे ठेवला तेव्हा त्याचे उत्तर कोणत्याही देवाच्या नावात नव्हते. तरी 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ छापताना त्यांनी तो अर्पण केला नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना. तिघेही भक्त, तिघेही नाम घेणारे. त्यांचा मार्ग नाकारून त्यांचा वारसा घेता येतो, हे त्यांनी करून दाखवले.

पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली होती. देवळात ज्यांना जागा नव्हती त्या वारकऱ्यांना निदान पाठ टेकायला जागा असावी म्हणून. गाडगेबाबा स्वतः कीर्तनात गोपाळाच्या नावाचा गजर करत आणि त्याच गजराच्या मधे थांबून पोर शाळेत घाला, कर्ज काढू नका, देवापुढे बोकड कापू नका असे सुनावत. 1949 मध्ये त्यांनी ती धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नामासाठी आलेल्यांच्या मुक्कामाची ती जागा शिकणाऱ्या मुलांसाठी दिली गेली.